छाती आवळणारा खोकला आणि पंप

पावसाळ्याच्या सुरुवातीला लागलेला माझा खोकला गणपती येऊन गेले तरी हटेना. ताप नव्हता, कफ जवळजवळ पडत नव्हता, भूक व्यवस्थित होती. परंतु पहाटे तीन-चारच्या सुमारास अशी ढास लागे की उठून बसल्याखेरीज गत्यंतर नसे. दिवसा वर्गात मोठ्याने कविता वाचून दाखवताना किंवा करी रोड स्टेशनचा जिना चढताना छाती आवळल्यासारखी होई, आणि श्वास आत घेतला तरी तो पुरता पोहोचला असे वाटत नसे. घरघर किंवा शिटीसारखा आवाज मात्र एकदाही आला नाही, त्यामुळे हा दमा असेल अशी शंका घरात कोणालाच आली नाही. दमा म्हटला की खांदे उडवत धापा टाकणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात कोरडा खोकला आणि छातीतला घट्टपणा एवढ्याच रूपात दमा असू शकतो. रात्री किंवा पहाटे वाढणारा, आणि थंड हवा, धूर, उग्र वास किंवा खळखळून हसणे यांनी उसळणारा खोकला ही त्याची खूण आहे.

मी मराठीची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. तरीही हे सविस्तर लिहिते आहे, कारण ‘डॉक्टरांनी पंप लिहून दिला आहे, पण सुरू करू की नको?’ हा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीत, इमारतीच्या जिन्यात आणि लोकलच्या महिलांच्या डब्यात सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकींच्या घरी तो पंप खोक्यासकट कपाटात पडून असतो. माझे मत स्पष्ट आहे. निदान नीट झालेले असेल, तर श्वासावाटे औषध घेणे हा या दुखण्यावरचा सर्वांत हलका उपचार आहे, आणि त्याचा गुण येणे बऱ्याच अंशी ते औषध आपण कसे ओढतो यावर अवलंबून आहे.

निदानाचा मुद्दा मात्र आधी. मुंबईत राहणाऱ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर क्षयरोगाची तपासणी झाल्याशिवाय पुढचे काहीही सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगते. थुंकीची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते, छातीचा एक्स-रे काढायला वेळ लागत नाही, आणि या शहरात क्षय हा केवळ गरीब वस्तीतला आजार आहे असे समजणे धोक्याचे आहे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. दुसरी शंका हृदयाची. चालताना किंवा जिना चढताना छाती आवळते आणि थांबले की सुटते, हे हृदयविकाराचेही लक्षण असते. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी ईसीजी आधी करून घ्यावा. घामाघूम होणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे यांत तर पंपाचा विचारही करू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ती म्हणजे आपण घेत असलेल्या इतर गोळ्या. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही जणांना चिवट कोरडा खोकला लागतो. आमच्या मजल्यावरील एका काकांचा वर्षभराचा खोकला डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावर गेला. उलट प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या, आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, दमा असलेल्या माणसाची छाती आवळू शकतात. डोळ्यांत घातलेल्या थेंबाचा छातीशी काय संबंध, असे वाटते. पण तो आहे. काहींना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर त्रास होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या साऱ्या औषधांची पिशवीच बरोबर न्यावी. आम्लपित्त वर येणे आणि नाकातला स्राव घशात उतरणे ही दीर्घ खोकल्याची आणखी दोन नेहमीची कारणे, आणि ती दम्याच्या जोडीनेही नांदतात.

माझ्या बाबतीत एक्स-रे स्वच्छ होता, थुंकीत काही निघाले नाही, ईसीजी ठीक होता. दरम्यान खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि प्रतिजैविकांचा एक पूर्ण कोर्स होऊन गेला होता. अडुळसा, ज्येष्ठमध, ओव्याचा शेक हेही सासूबाईंनी मनापासून केले. अडुळशाला मी कमी लेखत नाही. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध पुढे तयार झाले. पण माझ्या छातीत पातळ करण्याजोगा कफच नव्हता. छातीरोगतज्ज्ञ बाईंनी सगळे ऐकून घेतले, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले, आणि म्हणाल्या, “बाई, आवाज काही येत नाही, पण त्यावरून श्वासनलिका मोकळ्या आहेत असे म्हणता येणार नाही. फुंकून बघू या.”

ही ‘फुंकण्याची’ तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि मग तपासणी घेणाऱ्या ताई अक्षरशः ओरडतात, “फुंका, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून, अजून!” पडद्यावर रेषा उभी चढते आणि मग हळूहळू उतरत जाते. छाती रिकामी झाली असे वाटल्यानंतरही फुंकत राहायचे असते, आणि तिथेच बहुतेकांना खोकल्याची उबळ येते. म्हणून ती तीन तरी चांगल्या फुंका मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा त्यातला महत्त्वाचा आकडा. माझा १.७ लिटर आला. मग आवळलेल्या नळ्या सोडवणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाचे चार फवारे, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, दिले, १५ मिनिटे बाकावर बसवले आणि पुन्हा फुंकायला लावले. आता आकडा २ लिटर झाला. औषधानंतर हा आकडा निदान १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढला, तर श्वासनलिका आवळलेल्या होत्या आणि औषधाने सुटल्या असा त्याचा अर्थ घेतात. पण कागदावरच्या आकड्याहून मला पटवणारी गोष्ट वेगळी होती. त्या बाकावर बसल्या बसल्या कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा श्वास तळापर्यंत गेला.

सर्वांनाच असे सरळ उत्तर मिळत नाही, हेही सांगायला हवे. दम्यात नळ्या कधी आवळतात, कधी सुटतात. तपासणीच्या वेळी त्या सुटलेल्या असल्या तर आलेख अगदी निर्दोष येतो. अशा वेळी डॉक्टर पीक फ्लो मीटर नावाचे छोटे साधन घरी देतात आणि सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहायला सांगतात. पहाटेचा आकडा पडतो आणि संध्याकाळचा चढतो, हा चढउतार वहीत दिसला की निदानाला आधार मिळतो.

आता औषधाकडे. दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळ्यांचे आतले अस्तर सुजून हुळहुळे झालेले असते. स्नायू सोडवणारे औषध वेगळे आणि सूज उतरवणारे वेगळे. साल्ब्युटामॉल स्नायू सोडवते. काही मिनिटांत आराम पडतो आणि चार ते सहा तासांत त्याचा असर ओसरतो. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही सूज उतरवणारी औषधे. ती ओढल्याबरोबर काहीच जाणवत नाही, पण दिवसेंदिवस नियमाने घेतली की अस्तर शांत होत जाते आणि नळ्या मुळात आवळायच्याच थांबतात. पावसाळ्यात गळणाऱ्या स्लॅबखाली बादली ठेवणे आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेणे यांत जो फरक आहे, तोच या दोन औषधांत आहे. बादली लागतेच, पण वर्षानुवर्षे बादलीवर घर चालवता येत नाही.

आपल्याकडे नेमके बादलीवर चालवले जाते. मेडिकलमध्ये जाऊन ‘तो निळा पंप द्या’, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, म्हणून सांगणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. दोन फवारे मारले की बरे वाटते, म्हणून तेच औषध आहे असे त्यांना वाटते आणि ज्या पंपाने लगेच काही वाटत नाही तो बंद होतो. याच कारणाने जगभरच्या दमातज्ज्ञांच्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ मध्ये आपला सल्ला मुळापासून बदलला. प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या तात्पुरत्या औषधावर ठेवू नये, प्रत्येकाच्या उपचारात सूज उतरवणारे औषध असलेच पाहिजे, असे ती तेव्हापासून सांगते. २०० फवाऱ्यांचे असे तीन किंवा अधिक पंप वर्षात संपवणाऱ्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे लागण्याचा धोका वाढलेला आढळतो, आणि महिन्याला एक पंप संपत असेल तर मृत्यूचाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी महिन्याला एक निळा पंप संपत असेल, तर कृपया याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

मला मिळालेल्या पंपात दोन्ही औषधे एकत्र आहेत, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल. फॉर्मोटेरॉल साल्ब्युटामॉलइतकेच लवकर लागू पडते आणि बारा तासांच्या आसपास टिकते, त्यामुळे हा एकच पंप रोजचा म्हणूनही वापरता येतो आणि मध्येच छाती आवळली तर त्याच वेळेचा म्हणूनही. प्रत्येक जादा फवाऱ्याबरोबर सूज उतरवणारे औषधही आपोआप पोटात नव्हे, छातीत जाते. दिवसातून जास्तीत जास्त किती फवारे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. एक सावधगिरी अशी की सर्वच जोडऔषधे अशी दुहेरी वापरता येत नाहीत. साल्मेटेरॉल असलेली जोडी सावकाश लागू पडते, ती ऐनवेळेसाठी नाही. म्हणून पंपाचा रंग लक्षात ठेवण्याऐवजी त्यावरचे औषधाचे नाव वाचायची सवय लावावी.

पंपाविषयीची भीती मी समजू शकते, कारण ती दोन शब्दांभोवती फिरते: ‘सवय’ आणि ‘स्टिरॉइड’. सवयीचे उत्तर सोपे आहे. या औषधांची नशा नसते, तलफ येत नाही. ती बंद केल्यावर खोकला परततो तो आजार परतल्यामुळे. रक्तदाबाची गोळी बंद केली आणि दाब वाढला, तर गोळीची सवय लागली असे आपण म्हणत नाही. स्टिरॉइडचे उत्तर आकड्यांत आहे. दमा फार उसळला की प्रेडनिसोलोनच्या ३० ते ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या काही दिवस द्याव्या लागतात, आणि त्या रक्तातून सर्वांगभर फिरतात. पंपातल्या बुडेसोनाइडचा माझा दिवसाचा डोस ४०० मायक्रोग्रॅम आहे, आणि १००० मायक्रोग्रॅम मिळून एक मिलिग्रॅम होतो. शिवाय घशातून पोटात गेलेल्या बुडेसोनाइडचा बहुतेक भाग यकृतात पहिल्याच फेरीत निकामी होतो. साल्ब्युटामॉलचेही तसेच: गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची, फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे विसाव्या ते चाळिसाव्या हिश्श्याइतका, तोही जिथे दुखणे आहे तिथेच पडणारा. हात थरथरणे आणि छातीत धडधडणे गोळीने अधिक होते ते यामुळेच. जी माणसे ‘पंप नको, साधी गोळी द्या’ असे म्हणतात, ती नकळत जास्त औषध मागत असतात.

पंप म्हणजे परकी, अगदी अलीकडची आणि शेवटच्या टप्प्यावरची वस्तू, हा समजही इतिहासाला धरून नाही. छातीच्या दुखण्यावर औषध श्वासातून घ्यायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. धोतऱ्याचा धूर दम्यावर ओढला जात असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उपाय भारतातूनच ब्रिटनमध्ये गेला. पुढे कितीतरी वर्षे तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. धोतरा विषारी आहे आणि धूर स्वतःच छाती आवळतो, त्यामुळे आज कोणीही हा प्रयोग करू नये. पण धोतऱ्यातल्या ॲट्रोपीनच्या कुळातलेच इप्राट्रोपियम हे औषध आज नेब्युलायझरमधून रीतसर दिले जाते. आजच्या दाबायच्या पंपाची कथा तर एका मुलीच्या प्रश्नापासून सुरू होते. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता, आणि तिला औषध काचेच्या नाजूक उपकरणातून रबरी फुगा दाबून घ्यावे लागे. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का घालता येत नाही, असे तिने १९५५ साली वडिलांना विचारले, आणि १९५६ मध्ये पहिला पंप बाजारात आला. साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये आले, श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथासोन १९७२ मध्ये. म्हणजे यांतली मुख्य औषधे पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहेत, आणि साल्ब्युटामॉल व बुडेसोनाइड ही दोन्ही आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आहेत.

या सगळ्याहून महत्त्वाचे ते ओढण्याचे तंत्र, आणि मला सर्वांत जास्त याविषयीच लिहायचे आहे. दाबायच्या पंपातून औषध फार वेगाने बाहेर येते. तो थेट तोंडात दाबला तर बराचसा फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतो, गार चटका बसतो आणि माणूस श्वास अर्धवट सोडून देतो. म्हणून स्पेसर, म्हणजे मध्ये लावायचा पारदर्शक प्लास्टिकचा फुगीर डबा, घ्यावाच. फवारा त्या डब्यात मावतो, त्याचा वेग मंदावतो, आणि मग आपण तो सावकाश आत घेतो. दाबणे आणि ओढणे यांची वेळ जुळवण्याची कसरतही त्यामुळे राहत नाही. स्पेसर लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी असतो, असे काही जण समजतात. तो सर्वांसाठी आहे.

तपासणी घेणाऱ्या ताईंनी मला जे शिकवले ते असे. पंप चांगला हलवायचा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी एक-दोन फवारे हवेत सोडायचे. बसून किंवा उभे राहून, हनुवटी किंचित वर करून, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि भरलेल्या छातीत औषध जाणार तरी कुठे? मग स्पेसरचे तोंड दातांच्या आत, ओठ घट्ट मिटून धरायचे, पंप एकदाच दाबायचा आणि तोंडाने, सावकाश, चार-पाच सेकंद ओढत राहायचे. पुरती छाती भरली की दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम डब्यात मारून एकाच श्वासात ओढण्याची युक्ती अनेकांना सुचते, तीत औषध कमी मिळते. घरी बेसिनच्या आरशासमोर उभे राहून हे करून बघावे: ओठांच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरी वाफ निसटताना दिसली, तर तेवढे औषध वाया गेले.

कॅप्सूल फोडून पूड ओढायचे रोटाहेलरसारखे साधन असेल, तर नियम उलटा आहे. तिथे पूड उडवायला दुसरे काही नसते, आपल्या श्वासाचा झोतच लागतो, म्हणून ओढ जोरात आणि खोल हवी. दाबायचा पंप सावकाश, पुडीचे साधन झपकन. ज्यांना दोन्ही दिलेली आहेत त्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. साधनात चुकूनही फुंकर मारू नये, कारण उच्छ्वासाच्या ओलाव्याने पूड चिकटते. मुंबईच्या जुलैत तर हवाच इतकी दमट असते की कॅप्सूल वेष्टणातून काढून डबीत भरून ठेवणे किंवा न्हाणीघराच्या फडताळात ठेवणे म्हणजे ती खराब करून घेणे होय. ओढून झाल्यावर रिकाम्या कॅप्सूलमध्ये पूड उरली आहे का ते पाहावे, उरली असेल तर पुन्हा ओढावे. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवावे.

सूज उतरवणारे औषध घेतल्यावर चूळ भरून, खळखळून गुळण्या करून पाणी थुंकायचे. हे टाळले तर जिभेवर आणि टाळूवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. शिकवण्यावर पोट असलेल्या माझ्यासारखीला ते परवडणारे नाही. सोपा उपाय म्हणजे पंप दात घासण्याआधी घेणे. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुवावा आणि कापडाने न पुसता तसाच वाळू द्यावा, कारण पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. पंपात औषध किती उरले हे मागच्या आकड्यावरून पाहावे. आकडा नसेल तर पहिल्या दिवसाची तारीख त्यावर लिहून हिशेब ठेवावा. डबी पाण्यात तरंगते की बुडते हे पाहण्याची जुनी पद्धत विश्वासार्ह नाही, आणि औषध संपल्यावरही पंपातून नुसता वायू फवारल्यासारखा येत राहतो.

मला गुण कसा आला? छातीतला घट्टपणा लवकर गेला, खोकल्याने वेळ घेतला. दसऱ्याच्या सुमारास जिना चढताना थांबावे लागेनासे झाले, आणि पहाटेची ढास थांबायला दिवाळी उजाडली. औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष पहिल्या आठवड्यातच काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पंप चालू असला तरी घर आणि शहर यांचा विचार सुटत नाही. आमच्या लालबागच्या इमारतीत पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर ओल असते, आणि कपाट पुढे सरकवल्यावर मागे काळी बुरशी दिसली. ती खरवडून, सुकवून, रंग देऊन घेतली आणि गाद्या-गोधड्या उन्हे पडताच गच्चीत टाकल्या. मच्छर अगरबत्ती बंद केली. देवाजवळची उदबत्ती मात्र नाजूक विषय होता. मी सासूबाईंना म्हटले, “आई, निरांजन राहू द्या, फक्त उदबत्ती बाल्कनीत तुळशीपाशी लावू या का?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “अगं, देवाला काय, तिथूनही पोचते.” फोडणीच्या वेळी खिडकी उघडी आणि पंखा चालू, आणि मार्च ते मे महिन्यांत, मसाला गल्लीत डंकावर मिरची कुटायची घाई चालू असते तेव्हा, मी पलीकडच्या रस्त्याने स्टेशनला जाते. बांधकामांच्या धुळीवर आपला इलाज चालत नाही. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पडदे लावणे, पाणी मारणे अशी बंधने घातली, पण शेजारच्या प्लॉटवर ती पाळली जात नसतील तर तक्रार करण्याचा कंटाळा करू नये. हिवाळ्यात हवा खाली साचून राहते, तेव्हा पहाटेची चालण्याची वेळ मी उन्हे वर आल्यावर नेली आहे.

कबुतरांविषयी वेगळे सांगते. खिडकीच्या छज्जावर कबुतरांची वस्ती असेल आणि खोकला व धाप हटत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांना होणारी सूज हा दम्याहून निराळा आजार आहे, त्यात फुप्फुसे कायमची कडक होऊ शकतात, आणि पंपाने तो बरा होत नाही. आधी कबुतरांचा संपर्क तोडावा लागतो.

शाळेत माझा पंप टेबलावर, खडूच्या डबीशेजारी असतो, मुद्दामच. आमच्या वर्गांत दमा असलेली मुले आहेत, आणि पंप दप्तराच्या तळाशी, डब्याच्या पिशवीत गुंडाळून पाठवणाऱ्या आया आहेत. ‘बाई, कोणाला कळू देऊ नका, मुलगी आहे’ असे त्या हलक्या आवाजात सांगतात. त्या का घाबरतात हे मला ठाऊक आहे, पण खेळाच्या तासाला त्या मुलीची छाती आवळली तर तिचा पंप कुठे आहे आणि तो कसा द्यायचा हे वर्गशिक्षिकेला माहीत असणे हा तिच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे मी पालकसभेत हे उघडपणे बोलते, आणि मुलाचा पंप, स्पेसर व डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत ठेवायला सांगते.

त्या चिठ्ठीवर काय असावे? मोठ्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. रोजचे औषध कोणते, किती. त्रास वाढला तर काय वाढवायचे. आणि कोणत्या क्षणी घर सोडून निघायचे. एकाएकी धाप वाढली तर आडवे न होता ताठ बसावे, आणि साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर स्पेसरमधून एकेक फवारा, दर अर्ध्या ते एका मिनिटाने, गरज पडल्यास दहापर्यंत घ्यावा. तेवढ्यानेही आराम पडला नाही, एक वाक्य पुरे बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा गुंगी येऊ लागली, तर १०८ ला फोन करावा आणि वाहन येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत. वाफारा, ओव्याची पुरचुंडी, छातीला बाम यांत त्या वेळी एक मिनिटही घालवू नये.

फेब्रुवारीत पुन्हा फुंकण्याची तपासणी झाली आणि आकडा चांगला टिकला होता. दमा तीन महिने पूर्ण ताब्यात राहिला तर डोस कमी करण्याचा विचार करतात, त्याप्रमाणे माझा सकाळचा फवारा बंद झाला आणि रात्रीचा तेवढा राहिला. “हाही बंद करू का?” असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “पावसाळ्याच्या तोंडावर नको. मे महिन्याच्या शेवटी या, फुंकून बघू, मग ठरवू.” तोवर शिंका, सर्दी झाली तर सकाळचा फवारा पुन्हा सुरू करायचा, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे, आणि त्या चिठ्ठीची एक प्रत फ्रिजच्या दारावर व दुसरी शाळेतल्या माझ्या खणात आहे.